पहिलं पाऊल बापाचं : ख्रिस्ती श्रद्धेतून बापपण शिकताना

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. माझ्या मुलीचा निकाल होता त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी तिला गॅलरीत बोलावलं आणि म्हणालो, "तू माझी लाडकी लेक आहेस. तू माझ्या पोटी आलीस याचा मला फार आनंद आहे. एक वाजता आकडा कळेल, त्याने यात काही फरक पडणार नाही." ती "हो पप्पा" म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन ती रडली, हे तिच्या आईने मला रात्री सांगितलं. निकालाची इतके दिवसांची धास्ती त्या रडण्यात वाहून गेली होती.

ते वाक्य माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी झाली, "तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे." बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या जीवनकथेच्या, पहिल्या अध्यायातलं हे अकरावं वचन. तोवर मार्काने येशूचा एकही चमत्कार सांगितलेला नाही. कुणी आंधळा बरा झालेला नाही, एकही प्रवचन झालेलं नाही, एक शिष्यसुद्धा मागे आलेला नाही. पित्याची पसंती आधी आली आणि काम नंतर सुरू झालं.

ख्रिस्ती श्रद्धेने मला बापपणाविषयी जे शिकवलं ते सगळं या एका क्रमात आहे. मूल पास होईल, सुधारेल, माफी मागेल, मग मी जवळ घेईन, असा हिशेब शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, बाप करत नाही. तो आधी निघतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही काही बाप महिन्यातल्या एका शनिवारी एकत्र बसतो. या लेखातल्या पायऱ्या त्या बसण्यातून आणि माझ्या स्वतःच्या चुकांतून तयार झाल्या आहेत. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी यातलं बरंच तुमच्या घरी चालेल.

पहिली पायरी : आधी स्वतःच्या बापाकडे पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग पुढचं काहीच बसत नाही. आमच्या गटात एक जण होते, त्यांना प्रभूची प्रार्थना म्हणताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" इथेच अडखळायला व्हायचं. त्यांचे वडील रोज पिऊन यायचे. 'पिता' हा शब्द कानावर पडला की त्यांना दाराची कडी वाजल्यासारखं वाटायचं.

एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे वडिलांकडून मिळालेलं, पुढे द्यायचं आहे ते लिहा. उजवीकडे तेही मिळालेलंच, पण माझ्यापाशी थांबवायचं आहे ते लिहा. घाई करू नका, आठवडाभर लिहा. माझ्या डाव्या बाजूला संध्याकाळची प्रार्थना, सायकलला तेल घालायची सवय आणि कुणालाही दारातून उपाशी न पाठवणं, हे आलं. उजव्या बाजूला एकच ओळ होती : दोन-दोन दिवस अबोला धरणं.

मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू विचारतो की, मुलाने भाकर मागितली तर त्याला धोंडा देईल असा तुमच्यात कोण आहे? आणि पुढे म्हणतो, तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगलं द्यायचं तुम्हाला कळतं, तर तुमचा स्वर्गीय पिता किती अधिक देईल. म्हणजे देव कसा हे आपल्या वडिलांवरून मोजायचं नाही, आपले वडील कुठे कमी पडले हे देवाकडे पाहून समजून घ्यायचं. हे मला उमगलं तेव्हा माझ्या वडिलांवरचा राग बराच उतरला. एकशे तिसऱ्या स्तोत्रात देव पित्याप्रमाणे दया करतो असं म्हटलंय आणि लगेच कारणही दिलंय : आपण माती आहोत हे तो जाणून आहे. माझे वडीलही मातीच होते.

दुसरी पायरी : तोंडाने आशीर्वाद द्या

मराठी बाप मुलावर जीव टाकतो आणि ते त्याला सोडून सगळ्या गावाला सांगतो. ही सवय मोडायची.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात याजक, म्हणजे पुरोहित, अहरोनाला दिलेला आशीर्वाद आहे : "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो, परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो आणि तुला शांती देवो." यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू होताना आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आजही हे शब्द म्हणतात. येशूनेही लोकांनी आणलेल्या बालकांना आधी कवेत घेतलं आणि मग त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, असं मार्क सांगतो.

करायचं असं. आठवड्यातला एक वार ठरवा. आमच्याकडे शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर असतं. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवा, नाव घ्या, हे शब्द म्हणा. मग त्या आठवड्यात त्या मुलात तुम्हाला दिसलेली एक चांगली गोष्ट सांगा, नेमकी. "तू हुशार आहेस" हे नेमकं नव्हे. "मंगळवारी शेजारच्या आजींची पिशवी तू न सांगता वर नेऊन दिलीस, मी खिडकीतून पाहत होतो," हे नेमकं. इथे उपदेश जोडू नका. "असंच अभ्यासातही लक्ष दे" हे शेपूट लावलंत की आशीर्वादाची सूचना होते.

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा डोक्यावर हात ठेवू देणार नाही. खांद्यावर ठेवा. तेही नको असेल तर दारात चपला घालताना म्हणा, पण म्हणा.

बाप बोटीवर असेल, आखातात असेल, रात्रपाळीला असेल, तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. गोव्यात आणि वसईत अशी किती तरी घरं आहेत. लिहिलेल्या मेसेजपेक्षा आवाजच पाठवा, कारण मूल तो पुन्हा ऐकतं.

तिसरी पायरी : घरातली प्रार्थना लहान ठेवा

माझ्या लहानपणी आमच्या घरी संध्याकाळी सातला प्रार्थना असायची. एक गीत, एक अध्याय आणि वडिलांची प्रार्थना. त्या प्रार्थनेत पंतप्रधानांपासून आजारी म्हशीपर्यंत सगळे यायचे. आम्ही भावंडं गुडघ्यांवर झोपून जायचो. मला ते दिवस प्रिय आहेत, पण आजच्या घरात ते तसंच्या तसं बसत नाही.

सात ते दहा मिनिटं पुरे. पाच-सहा वचनं मुलाकडून वाचून घ्या. एकच प्रश्न विचारा, आणि ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही असा. प्रत्येकाने एका वाक्यात एक उपकार मानावा आणि एक मागणं मागावं. बापाने स्वतःचं मागणंही मुलांसमोर मागावं : "उद्या ऑफिसात मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे, धैर्य दे." बापालाही भीती वाटते आणि ती कुणापाशी न्यायची हे त्याला ठाऊक आहे, हे मुलांना यातून कळतं.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याचं वेळापत्रक आहे : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. त्यात देवळाचा उल्लेखही नाही. शाळेच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसलेलं मूल जे प्रश्न विचारतं ते रविवारच्या शाळेत विचारत नाही. त्या वेळी कानातला इअरफोन काढून ठेवा.

चौथी पायरी : शिस्त लावा, चिरडीस आणू नका

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त इजा इथेच झालेली मी पाहिली आहे. तीही वचनाच्या नावाने.

येशूचा प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला लिहितो की बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, तर प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात त्यांना वाढवा. कलस्सैकरांच्या पत्रात तो कारणही जोडतो : नाही तर ती खिन्न होतील, त्यांची उमेद जाईल. हे ज्या जगात लिहिलं गेलं तिथे रोमन कायद्याने बापाला मुलांच्या जिवावरसुद्धा हक्क होता. मूल जन्मल्यावर ठेवायचं की टाकून द्यायचं हे तो ठरवायचा. अशा जगात मुलांना "आज्ञा पाळा" असं सांगणारे पुष्कळ होते. बापाला "तूही सांभाळून वाग" असं सांगणारं हे वाक्य ऐकून इफिसमधल्या एखाद्या घरात बसलेल्या मुलाने मान वर करून पाहिलं असेल.

'चिरडीस आणणं' हा मराठीत फार नेमका शब्द आहे. मारलं तरच मूल चिरडीस येतं असं नाही. पाहुण्यांसमोर त्याची चूक सांगणं, शेजारच्या मुलाशी तुलना करणं, सोमवारी हसण्यावारी नेलेल्या गोष्टीसाठी गुरुवारी ओरडणं, त्याचं म्हणणं अर्धंच ऐकून निकाल देणं, जुनी चूक दर वेळी उकरून काढणं, हे सगळं त्यात येतं. मी माझ्या मुलाला बारा वर्षांचा असताना गणिताच्या वहीवरून त्याच्या मित्रांसमोर बोललो. तो पुढे कित्येक महिने मित्रांना घरी आणत नव्हता.

"छडी आवरून धरणारा बाप मुलाचा वैरी" या अर्थाचं नीतिसूत्रांतलं वचन दाखवून मारण्याचं समर्थन केलं जातं. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या आकडीबरोबर काठीही आहे आणि दावीद म्हणतो की ती मला धीर देते. मेंढपाळ त्या काठीने लांडग्याला मारतो आणि मेंढरं मोजतो. मूल ज्या हाताला भिऊन कोपऱ्यात जातं, त्या हातात ती काठी नाही असं मी खात्रीने म्हणतो.

पण दुसरी चूकही शास्त्रात तितकीच स्पष्ट लिहिली आहे. याजक एली आपल्या मुलांना, हफनी आणि फिनहासला, बोलला. पण त्याने त्यांना आवरलं नाही. देव त्याला त्यासाठी दोष देतो. दावीद राजाचा मुलगा अदोनीया याच्याविषयी राजांच्या पहिल्या पुस्तकात एक ओळ आहे की, "तू असं का केलंस?" असं त्याच्या बापाने त्याला कधीही विचारलं नव्हतं. ही ओळ आमच्या गटात वाचली तेव्हा दोन-तीन मिनिटं कुणी बोललं नाही.

आमच्या घरात आता क्रम असा आहे. राग आला की निर्णय नाही. मी पाणी पितो, जिना उतरून खाली एक चक्कर मारतो. परत आल्यावर आधी विचारतो, "काय झालं, तुझ्याकडून सांग." पूर्ण ऐकतो, मध्ये बोलत नाही. मग चूक एका वाक्यात सांगतो, माणसाला नाव न ठेवता : "तू खोटं बोललास." "तू खोटारडा आहेस" असं नाही. शिक्षा चुकीशी जोडलेली आणि मुदतीची असते. मोबाइलबद्दल खोटं बोलला तर मोबाइल चार दिवस माझ्याकडे, पाचव्या दिवशी न मागता परत. त्याच रात्री झोपण्यापूर्वी त्याच्या खोलीत जाऊन बसतो, आणि त्या वेळी त्या विषयावर काहीही बोलत नाही.

शेवटचा भाग सोडू नका. दावीदाचा दुसरा मुलगा अबशालोम याने भावाचा खून केला, पळून गेला, तीन वर्षांनी दावीदाने त्याला यरुशलेमेत परत येऊ दिलं. पण दोन वर्षं त्याला आपलं तोंड पाहू दिलं नाही. एकाच शहरात बाप आणि मुलगा, दोन वर्षं. कुणी दाद देईना म्हणून शेवटी अबशालोमाने सेनापती यवाबाचं सातूचं शेत पेटवून दिलं, तेव्हा कुठे बापाची भेट घडली. पुढे बंड झालं, मुलगा मारला गेला, आणि दावीद वेशीवरच्या खोलीत "माझ्या पुत्रा, अबशालोमा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर" असं म्हणत रडला. एवढी माया त्याच्या मनात होती. ती माया दोन वर्षं दार बंद करून बसली होती. माझ्या वहीतल्या उजव्या बाजूची ती ओळ मला इथेच भेटली. घरातलं मूल एखादं शेत पेटवत असेल, परीक्षेला दांडी मारत असेल, मुद्दाम उशिरा येत असेल, तर आधी स्वतःला विचारा की त्याने माझं तोंड शेवटचं कधी पाहिलं.

हात आवरत नसेल, दारू सुटत नसेल, तर नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका. पाळकांशी बोला, समुपदेशकाकडे जा, व्यसनमुक्तीची मदत घ्या. मुलाला घरात धोका आहे असं कुणाला दिसलं तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. तो लावण्याने घराची अब्रू जात नाही.

पाचवी पायरी : माफी मागायला शिका

मित्रांसमोरच्या त्या अपमानाबद्दल मी मुलाची माफी मागितली, पण आठ महिन्यांनी. तोवर माझं म्हणणं होतं की बापाने झुकलं तर वचक राहत नाही.

माफीत तीन गोष्टी असाव्यात. काय केलं ते नावाने सांगा : "मी तुझ्या मित्रांसमोर तुला मठ्ठ म्हणालो." त्यामुळे त्याचं काय झालं असेल ते सांगा. मग "मला क्षमा कर" म्हणा आणि गप्प बसा. "पण तूही..." हे दोन शब्द आले की माफी संपली. मूल लगेच क्षमा करेल ही अपेक्षाही ठेवू नका. अपमान चारचौघांत झाला असेल तर माफीही चारचौघांत मागा. मी त्याच्या त्या दोन मित्रांना जेवायला बोलावून मागितली.

योसेफाविषयी थोडंसं

मरीयेचा पती योसेफ याचा एकही शब्द चारही शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. त्याचं ऐकणं आणि उठणं मात्र नोंदलेलं आहे. तो स्वप्नातून उठतो आणि मरीयेला घरी आणतो, रात्रीच उठतो आणि आईलेकराला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, निघतो. ज्या मुलाच्या जन्मात त्याचा वाटा नव्हता त्याला त्याने नाव दिलं, सुतारकी शिकवली. लोक येशूला "सुताराचा मुलगा" म्हणूनच ओळखत होते. कॅथलिक मंडळी 19 मार्चला त्याचा सण पाळतात, आणि 1 मे हा कामगार योसेफाचा दिवस 1955 साली बाराव्या पायस पोपनी ठरवून दिला. दत्तक घेतलेल्या, सावत्र किंवा भावाच्या मुलांना वाढवणाऱ्या पुरुषांनी योसेफाला जवळचा माणूस मानावं.

त्याच्याकडून घ्यायची कृती साधी आहे. महिन्यातून एकदा मुलाला किंवा मुलीला आपल्या कामावर न्या. दुकान असो, शेत असो, गॅरेज असो. ऑफिसात नेता येत नसेल तर घरातला नळ दुरुस्त करताना पाना त्यांच्या हातात द्या. हात कामात असले की मुलं बोलतात.

आणि ज्या घरात बाप नाहीच? पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला श्रद्धा आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाली. बाप ग्रीक होता, एवढंच कळतं. पौल त्याला "माझ्या लेकरा" म्हणतो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभे राहिलेले पुरुष फोटोनंतर कुठे जातात, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांनी स्वतःला विचारायला हवा. तुम्ही कुणाचे धर्मपिता असाल तर या आठवड्यात त्या मुलाला फोन करा.

सहावी पायरी : गप्प असलेल्या मुलाकडे बाहेर जा

लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट, वाटणी घेऊन गेलेल्या आणि ती उधळून परतलेल्या धाकट्या मुलाची, ख्रिस्ती घरांत सगळ्यांना पाठ असते. पण त्या गोष्टीत बाप घराबाहेर दोनदा निघतो. एकदा परत येणाऱ्या धाकट्यासाठी, आणि एकदा शेतावरून येऊन रुसून अंगणात उभ्या राहिलेल्या थोरल्यासाठी. थोरला म्हणतो, इतकी वर्षं मी राबलो, तू मला एक करडूसुद्धा दिलं नाहीस. बाप त्याला "बाळा" म्हणतो आणि सांगतो, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, माझं सगळं तुझंच आहे. एवढी वर्षं हे त्याला कळलं नव्हतं, कारण ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं, असं मला नेहमी वाटतं.

प्रत्येक घरात एक समजूतदार मूल असतं. ते भांडत नाही, गुण आणतं, आजीची औषधं आणतं. आईबापाचं सगळं लक्ष दुसऱ्याकडे जातं. पुढच्या पंधरा दिवसांत त्या समजूतदार मुलाला एकट्याला कुठेतरी न्या, मिसळ खायला न्या, आणि विचारा : "माझ्याकडून तुझं काही राहून गेलंय का?" उत्तर कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मिळेल. मिळालं की स्वतःचा बचाव करू नका.

सातवी पायरी : जे दूर गेलं आहे त्याच्यासाठी

हे लिहिताना मला जड जातंय, कारण आमच्या गटात असे दोन बाप आहेत. एकाच्या मुलाने प्रार्थनेला येणं सोडलं. दुसऱ्याच्या मुलीने घरच सोडलं.

उधळ्या पुत्राच्या त्याच गोष्टीत धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली. नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट, म्हणजे धाकट्याचा वाटा एक तृतीयांश. बापाने तो दिला आणि त्याला जाऊ दिलं. मागे माणसं पाठवली नाहीत. मुलगा परतताना वाटेत एक भाषण तयार करतो, त्याचं शेवटचं वाक्य असतं, मला तुमच्या एका चाकराप्रमाणे ठेवा. पण बाप त्याला दुरूनच पाहतो, कळवळतो, धावत जातो. त्या काळच्या घरच्या कर्त्या पुरुषाने गावासमोर अंगरखा सावरत धावणं शोभेसं नव्हतं. मुलगा बोलायला लागतो आणि चाकराचं वाक्य येण्याआधीच बाप नोकरांना झगा आणायला सांगतो. लूक काढून पाहा, ठरवलेल्या भाषणातलं ते वाक्य मुलगा शेवटपर्यंत उच्चारतच नाही.

मग करायचं काय? मूल कसं आहे हे मित्रांना विचारत फिरू नका, त्याच्या कानावर गेलं की दार आणखी लागतं. रोज प्रार्थनेत नाव घ्या, घरातल्या इतरांसमोरही घ्या. बायबलमधला ईयोब पहाटे उठून प्रत्येक लेकरासाठी वेगळं होमार्पण करायचा. तुम्ही पाच मिनिटं द्या. घरात त्याच्याविषयी टाकून बोलणं बंद करा, कारण परत आल्यावर त्याच घरात त्याला राहायचं आहे.

आणि महिन्यातून एकदा एक मेसेज पाठवा. त्यात वचन नको, "आईची तब्येत बिघडली" नको, लग्नाचं नको, "कधी येणार" हेही नको. घरातली एखादी साधी बातमी द्या. ज्या बापाची मुलगी गेली, त्यांनी गेल्या महिन्यात लिहिलं, "परसातल्या लिंबाला या वर्षी खूप लिंबं आलीत. तुझ्या आवडीचं गोड लोणचं आईने घातलंय. एक बरणी तुझी." उत्तर आलं नाही. बरणीवर तिचं नाव लिहून ती फडताळात ठेवली आहे, आणि पुढच्या महिन्याचा मेसेज काय असावा हे आम्ही परवाच्या शनिवारी त्यांच्याबरोबर बसून लिहिलं.